संगणकाचे गाठोडे
घरच्या संगणकाची 'डिस्क इमेज' घेणे आणि वेळ आली की ती परत बसवणे

२६ एप्रिल १९९९, सोमवार. संध्याकाळी आम्ही उभयता ऑफिसातून घरी आलो, चहा झाला आणि चिरंजीवांनी नेहमीप्रमाणे संगणकाचे बटण दाबले. आतला पंखा फिरला, दिवा लागला, पण पडद्यावर एक अक्षर उमटेना. वायर सैल झाली असेल म्हणून सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या. काही उपयोग झाला नाही.

नंतर वर्तमानपत्रांतून उलगडा झाला. चेन इंग-हाउ नावाच्या तैवानच्या विद्यार्थ्याने १९९८ साली लिहिलेला 'सीआयएच' नावाचा विषाणू त्या दिवशी जागा झाला होता. चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा अपघात १९८६ साली याच तारखेला झाला म्हणून लोक त्याला 'चेर्नोबिल' म्हणू लागले. आशियात असंख्य संगणक त्याने एका दिवसात आडवे केले. हार्ड डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर तो शून्ये लिहून ठेवत असे आणि जमल्यास मदरबोर्डवरची बायॉसची चिपही निकामी करत असे. आमच्याकडे त्याने दोन्ही कामे चोख केली होती.

संगणक उचलून दुकानात नेला. दुकानदाराने तपासून विचारले, "फॉर्मॅट, ओके?" आम्ही "ओके" म्हणालो. तीन दिवसांनी संगणक घरी आला. नवी चिप, नवे विंडोज, सगळे झकास चालत होते. मग चिरंजीवांनी विचारले, "बाबा, पणजीचे फोल्डर कुठे आहे?"

१९९८ च्या उन्हाळ्यात आमची आजी तीन महिने सिंगापूरला राहून गेली होती. दुपारी फ्लॅटमध्ये ती एकटी पडे, म्हणून मुले शाळेतून आली की तिला संगणकासमोर बसवत. साउंड ब्लास्टर कार्डाला एक स्वस्तातला माइक जोडला होता. हे कार्ड इथल्याच क्रिएटिव्ह कंपनीचे, याचे आम्हाला त्या वेळी मोठे कौतुक. आजी त्या माइकला "डबी" म्हणायची. त्या डबीत तिने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, मंगळागौरीची गाणी म्हटली, कृष्णेच्या घाटावरच्या गोष्टी सांगितल्या. मध्येच "चहा टाका गं" असेही सांगितले. १९९९ च्या फेब्रुवारीत आजी गेली. एप्रिलमध्ये तिचा आवाजही गेला.

पुढे कळले ते जास्त लागले. विषाणूने डिस्कचा फक्त सुरुवातीचा भाग पुसला होता. मागचा बराचसा ऐवज जागच्या जागी असणार, आणि जाणकार माणसाने तो कदाचित बाहेर काढूनही दिला असता. फॉर्मॅट करून वर नवे विंडोज चढवले तेव्हा त्याच्यावर माती पडली. त्या मातीला "ओके" आम्हीच म्हणालो होतो.

हा लेख त्या "ओके"पायी. आम्ही संगणकतज्ज्ञ नव्हे, पण ठेच लागल्यापासून या विषयात शिकत आलो आहोत. जे आम्हाला जमले ते कुणालाही जमेल.

इमेज म्हणजे काय?

आपण सगळे घर हलवण्यात पटाईत आहोत. मुंबई-पुण्याहून सिंगापूर, इथे क्लेमेंटीहून ताम्पिनेस. सामान हलवण्याचे दोन प्रकार असतात. पहिल्यात फक्त मौल्यवान वस्तू बरोबर घ्यायच्या: दागिने, कागदपत्रे, फोटो. नव्या घरी ओटा, मांडणी, पडदे सगळे पुन्हा उभे करायचे. फायली कॉपी करून ठेवणे हे असे आहे. फोटो वाचतात, पण विंडोज, प्रोग्रॅम, प्रिंटरची जोडणी, मराठीचे फाँट, ईमेलची मांडणी हे सारे नव्याने करावे लागते आणि त्यात दोन-तीन शनिवार-रविवार जातात.

दुसऱ्या प्रकारात समजा असा हमाल भेटला, की जो अख्खे घर जसेच्या तसे गाठोड्यात बांधतो. कोणता डबा कोणत्या फळीवर, कोणता खिळा कोणत्या भिंतीत, फ्रिजवर चिकटवलेली चिठ्ठीसुद्धा. नव्या घरी गाठोडे सोडले की सगळे जिथल्या तिथे. डिस्क इमेज म्हणजे हे गाठोडे. डिस्कवरचे सगळे विभाग, म्हणजे पार्टिशने, विंडोज सुरू करणारा लहानसा विभाग, प्रोग्रॅम, फाँट, फायली यांची एकत्र बांधलेली एक मोठी फाइल. डिस्कवरची मोकळी जागा बहुतेक प्रोग्रॅम सोडून देतात आणि उरलेले दाबून बसवतात. त्यामुळे ५०० जीबीच्या डिस्कवर १८० जीबी भरलेले असेल तर इमेज साधारण त्याहून लहानच होते.

'क्लोन' हा इमेजचा भाऊ. त्यात गाठोडे न बांधता एका डिस्कवरून थेट दुसरीवर हुबेहूब प्रत उतरते. जुनी डिस्क काढून नवी, मोठी बसवायची असेल तेव्हा क्लोन सोयीचा. नेहमीच्या जपणुकीसाठी इमेज बरी, कारण एकाच बाहेरच्या डिस्कवर चार वेगवेगळ्या तारखांची चार गाठोडी ठेवता येतात.

"आमचे सगळे क्लाउडमध्ये असते," असे पुष्कळ जण सांगतात. चांगलेच आहे, पण गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह यांचा मूळ उद्योग दोन्हीकडे सारखे ठेवण्याचा. इथे चुकून फोल्डर पुसले तर तिथेही पुसले जाते. तिथल्या कचऱ्याच्या टोपलीत ते काही दिवस राहते, मग जाते. शिवाय त्यात विंडोज आणि प्रोग्रॅम नसतात. क्लाउड जरूर वापरावा, पण त्याला गाठोडे समजू नये.

थोडा इतिहास, थोडे सिंगापूर

आमच्यावर प्रसंग ओढवला तेव्हा या कामाचा प्रोग्रॅम बाजारात होता, आम्हाला ठाऊक नव्हता इतकेच. न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या बायनरी रिसर्च या कंपनीसाठी मरे हॅझार्ड यांनी १९९५ साली 'घोस्ट' लिहिला. एक संगणक नीट लावायचा आणि त्याची प्रत शंभर संगणकांवर उतरवायची, या कामासाठी कंपन्यांना तो फार आवडला. १९९८ साली सिमँटेकने ती कंपनी विकत घेतली आणि तो 'नॉर्टन घोस्ट' झाला. पुढची काही वर्षे "घोस्ट मारला" हा शब्दप्रयोग दुकानांतून सर्रास ऐकू येई. २०१३ च्या एप्रिलअखेर नॉर्टन घोस्टची विक्री बंद झाली.

सिंगापूरचा या विषयाशी दुहेरी संबंध आहे. सीगेटने १९८२ साली इथे कारखाना काढला आणि १९८० व १९९० च्या दशकांत जगातल्या हार्ड डिस्कांचा मोठा वाटा या बेटावर तयार होत असे. अँग मो किओचा सीगेटचा कारखाना बंद होत असल्याची बातमी २००९ साली आली तेव्हा अनेकांना हळहळ वाटली. दुसरा संबंध असा, की डिस्क इमेजसाठी आज जगभर वापरला जाणारा 'ट्रू इमेज' हा प्रोग्रॅम बनवणारी अ‍ॅक्रोनिस कंपनी २००३ साली सिंगापूरमध्येच स्थापन झाली. मूळचे रशियाचे आणि पुढे सिंगापूरचे नागरिक झालेले सर्गेई बेलूसॉव हे तिचे संस्थापक. आता कंपनीचे मुख्यालय स्वित्झर्लंडमध्ये आहे.

आपले पुणेही मागे नाही. कंपन्यांचा डेटा जपून ठेवणारी द्रुवा ही कंपनी २००८ साली पुण्यात सुरू झाली. तिच्या तीन संस्थापकांपैकी मिलिंद बोराटे हे एक.

आणि ज्यांचा धंदाच संगणकावर चालतो तेही फसतात. 'टॉय स्टोरी २' हा चित्रपट तयार होत असताना १९९८ साली पिक्सारमध्ये एका चुकीच्या आज्ञेने त्याच्या फायली भराभर पुसल्या गेल्या. बॅकअप होता, पण तो नीट होत नव्हता हे कुणाच्या लक्षात आले नव्हते. गॅलिन सुझमन या तांत्रिक दिग्दर्शिका नुकत्याच बाळंत झाल्या होत्या आणि घरून काम करता यावे म्हणून त्यांनी एक प्रत घरच्या संगणकावर ठेवली होती. तो संगणक गाडीतून जपून स्टुडिओत आणला आणि चित्रपट वाचला. घरातली प्रत किती मोलाची, हे समजायला एवढा दाखला पुरे.

काय काय लागते?

१. बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. आपल्या संगणकात जेवढे भरले आहे त्याच्या किमान तिप्पट मापाची. फिरत्या चकतीची साधी डिस्क चालेल. वर्षानुवर्षे कपाटात पडून राहायची असेल तर तीच बरी, कारण एसएसडी दीर्घकाळ विजेविना पडून राहिली तर तिच्यातला मजकूर विरण्याची भीती असते. आपल्या हवेतला दमटपणा लक्षात घेऊन डिस्क झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावी. ज्यांच्याकडे कॅमेऱ्यासाठी कोरडे कपाट आहे त्यांनी त्यातच ठेवावी.

२. एक पेन ड्राइव्ह. विंडोज सुरूच होत नसेल तेव्हा संगणक याच्यावरून सुरू करायचा. याला 'रेस्क्यू मीडिया' म्हणतात. गाठोडे सोडणारा हमाल तो हाच. हा नसेल तर गाठोडे असून नसल्यासारखे.

३. प्रोग्रॅम. विकत घ्यायचा तर अ‍ॅक्रोनिस किंवा मॅक्रियम रिफ्लेक्ट. मॅक्रियमची फुकट आवृत्ती पूर्वी फार लोकप्रिय होती, पण कंपनीने ती २०२४ च्या सुरुवातीपासून बंद केली. सीगेट, वेस्टर्न डिजिटल अशा कंपन्या आपल्या डिस्कांच्या गिऱ्हाइकांना अ‍ॅक्रोनिसची छोटी आवृत्ती फुकट देत आल्या आहेत, तेव्हा डिस्क कुठल्या कंपनीची आहे ते आधी पाहावे. पूर्णपणे फुकट हवा तर तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात तयार झालेला क्लोनझिला. तो भरवशाचा आहे, पण त्याचा पडदा जुन्या डॉससारखा दिसतो आणि इंग्रजी प्रश्न फार विचारतो. तेच काम माउसने करू देणारा त्याचा भाऊ म्हणजे रेस्क्यूझिला. पहिल्यांदा करणाऱ्याने फुकटच्यांत रेस्क्यूझिलापासून सुरुवात करावी.

विंडोजमध्येही कंट्रोल पॅनेलच्या 'बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)' या कोपऱ्यात इमेजची सोय दडलेली आहे. पण मायक्रोसॉफ्टने २०१७ पासून तिच्याकडे लक्ष देणे सोडले आहे. अडीअडचणीला चालेल, भिस्त ठेवू नये.

मॅकवाल्यांसाठी एकच ओळ: बाहेरची डिस्क जोडा आणि २००७ पासून मॅकमध्ये असलेली टाइम मशीन सुरू करा.

इमेज कशी घ्यावी?

पहिली पायरी आवराआवरीची. कचरापेटी रिकामी करा, नको ते मोठे व्हिडिओ पुसा, विषाणू नाही याची तपासणी करून घ्या. विषाणूसकट बांधलेले गाठोडे सोडले की विषाणूही परत येतो.

दुसरी पायरी: प्रोग्रॅममधून रेस्क्यू पेन ड्राइव्ह बनवा आणि संगणक त्याच्यावरून खरोखर सुरू होतो का, ते आत्ताच पाहा. संगणक सुरू होताना एफ १२, एफ २, एस्केप किंवा डिलीट यांपैकी एक कळ दाबायची असते. ती कंपनीगणिक बदलते. सापडली की कागदावर लिहून पेन ड्राइव्हला चिकटवा. आणीबाणीत ती आठवत नाही.

तिसरी पायरी: इमेज घेताना फक्त 'सी' ड्राइव्ह निवडू नका, अख्खी डिस्क निवडा. हल्लीच्या संगणकात 'सी'च्या आधी सुमारे १०० एमबीचा एक चिमुकला विभाग असतो, त्याला ईएफआय म्हणतात. विंडोजचा दरवाजा तोच. 'सी' सगळा आला आणि दरवाजा राहिला, तर घर आहे पण आत जाता येत नाही अशी गत होते.

चौथी पायरी: जुन्या एफएटी ३२ पद्धतीने फॉर्मॅट केलेल्या डिस्कवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. बाहेरची डिस्क एनटीएफएस पद्धतीची आहे ना, ते पाहा. फाइलच्या नावात तारीख घाला. "न्यू बॅकअप", "न्यू बॅकअप फायनल" असली नावे सहा महिन्यांनी आपल्यालाच कळत नाहीत. यूएसबी ३ च्या तोंडात वायर घातली असेल तर दोनशे जीबीला पाऊण ते दीड तास लागतो. तेवढ्यात स्वयंपाक होतो.

पाचवी पायरी, आणि बहुतेक जण सोडतात तीच: 'व्हेरिफाय'. प्रोग्रॅम आपलेच गाठोडे पुन्हा उलगडून तपासतो. अर्धा-एक तास जास्त जातो, तो जाऊ द्यावा. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये इमेज एखाद्या ड्राइव्हसारखी उघडूनही पाहता येते. त्यातून एक फोटो बाहेर काढून बघावा. २०१२ साली आमच्याजवळ दोन वर्षांच्या इमेज होत्या. गरज पडली तेव्हा एकही उघडेना, कारण डिस्कची वायर खराब होती आणि आम्ही एकदाही तपासले नव्हते. सुदैवाने तेव्हा फक्त एक खेळ आणि काही पत्रे गेली.

पुढच्या वेळी प्रत्येकदा पूर्ण इमेज घ्यायची गरज नाही. दूधवाल्याच्या हिशेबाची आठवण करा. एक तारखेला पूर्ण वही लिहिली. नंतर रोज फक्त त्या दिवसाची चिठ्ठी जोडत गेलात तर ते 'इन्क्रिमेंटल'. चिठ्ठी लहान, पण मधली एक हरवली तर पुढचा हिशेब बसत नाही. रोज "एक तारखेपासून आजपर्यंत" अशी चिठ्ठी केलीत तर ते 'डिफरन्शियल'. चिठ्ठी फुगत जाते, पण वही आणि शेवटची चिठ्ठी एवढ्यावर भागते. घरगुती कामाला आम्हाला दुसरा प्रकार बरा वाटतो: तीन महिन्यांनी पूर्ण, मधल्या काळात दर पंधरा दिवसांनी डिफरन्शियल.

काम झाले की डिस्क काढून ठेवा. फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारे विषाणू हल्ली बोकाळले आहेत. ते जोडलेल्या डिस्कलाही कुलूप लावतात. कपाटातल्या डिस्कपर्यंत त्यांचा हात पोचत नाही. वीज कडाडताना तर काहीच जोडलेले नको, आणि आपल्याकडे वीज बारा महिने कडाडते.

४८ आकड्यांची किल्ली

नव्या विंडोज ११ च्या संगणकांवर डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद असते. याला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एनक्रिप्शन म्हणतात. आपण ते लावले आहे हे आपल्याला ठाऊकही नसते. २०२२ साली आम्ही पेन ड्राइव्हची तालीम करताना सुरुवातीच्या सेटिंगमध्ये 'सिक्युअर बूट' बंद केले. तालीम छान झाली. मग विंडोज सुरू करायला गेलो तर निळा पडदा आणि प्रश्न: ४८ आकड्यांची किल्ली सांगा! घरात अर्धा तास सन्नाटा. अखेर कन्येने फोनवरून आमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात शिरून ती किल्ली काढली. ते खाते कधी उघडले होते आणि पासवर्ड काय, हे तिलाच आठवत होते म्हणून निभावले.

तेव्हा हा लेख वाचून दुसरे काही केले नाहीत तरी चालेल, पण ती किल्ली आज शोधून कागदावर लिहा आणि पासपोर्टांच्या फायलीत ठेवा.

इमेजच्या बाबतीत यातून दोन गोष्टी निघतात. विंडोज चालू असताना घेतलेली इमेज उघड्या मजकुराची असते, म्हणून तिला प्रोग्रॅममधूनच पासवर्ड द्यावा. आणि क्लोनझिलासारख्या बाहेरून चालणाऱ्या प्रोग्रॅमला कुलूपबंद डिस्कचे आतले काही वाचता येत नाही. तो मोकळ्या जागेसकट सगळे उचलतो आणि गाठोडे अवाढव्य होते.

परत कशी बसवावी?

२०२३ चा सप्टेंबर. गणपती नुकतेच झाले होते. लॅपटॉप सुरू केला तर "डिस्क सापडत नाही" असा संदेश. एसएसडी कुरकुरत नाही, इशारा देत नाही. असते, आणि एकदम नसते. १९९९ ची संध्याकाळ आठवून पोटात गोळा आला. पण या वेळी कपाटात बारा दिवसांपूर्वीचे, तपासलेले गाठोडे होते.

नवी एसएसडी आणली, जुन्याच मापाची. लहान घेतली असती तर काही प्रोग्रॅम इमेज उतरवायला नकार देतात. पाठीमागचे स्क्रू काढून ती बसवली, पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला, बाहेरची डिस्क जोडली, प्रोग्रॅममध्ये 'रिस्टोअर' म्हटले.

आता जो पडदा येतो त्याच्यासमोर दोन मिनिटे हात मागे बांधून उभे राहावे. "कोणत्या डिस्कवर उतरवू?" असे तो विचारतो आणि समोर 'डिस्क ०', 'डिस्क १' एवढेच दिसते. आपण जिला बोट लावू ती डिस्क पूर्ण पुसली जाते. मंडळातल्या एका मित्राने घाईत फोटोंच्या डिस्कला बोट लावले आणि संगणक वाचवताना मुलीच्या लग्नाचे फोटो घालवले. आमचा नियम साधा आहे: त्या वेळी दोनच डिस्का जोडलेल्या असाव्यात, जिच्यावर उतरवायचे ती आणि जिच्यात गाठोडे आहे ती. बाकी सगळ्या काढायच्या. मग माप आणि कंपनीचे नाव मोठ्याने वाचायचे, घरातल्या दुसऱ्या माणसाने ते ऐकून "हो" म्हणायचे आणि मगच कळ दाबायची.

पंचावन्न मिनिटांनी लॅपटॉप पुन्हा सुरू झाला. तेच चित्र, त्याच जागी तीच चिन्हे, प्रिंटरही ओळखीचा. बारा दिवसांचा मजकूर मात्र नव्हता. गणपतीचे फोटो फोनमध्ये होते ते मिळाले, वर्गणीचा हिशेब पावत्यांवरून पुन्हा लिहावा लागला. गाठोड्यात बांधल्या दिवसापर्यंतचेच सामान असते, हे ध्यानात ठेवावे. नंतर डिस्कचे कुलूप पुन्हा लावले आणि नवी किल्ली लिहून ठेवली.

संगणकच गेला आणि वेगळ्या कंपनीचा नवा घेतला, तर जुनी इमेज त्यावर चालेलच असे नाही. यंत्राचे भाग वेगळे असले की विंडोज अडते, कधी परवान्याचा प्रश्न येतो. काही प्रोग्रॅममध्ये याची तोड असते. आमचा सल्ला असा, की अशा वेळी नव्या संगणकाचे विंडोज राहू द्यावे आणि जुनी इमेज उघडून त्यातून फायली काढून घ्याव्यात.

मोठा बदल करण्याआधीही इमेज घ्यावी. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि अनेक घरांत विंडोज ११ वर जाण्याचे काम निघाले. विंडोज स्वतः मागे फिरायला दहाच दिवस देते. इमेज असेल तर कधीही मागे येता येते.

जुन्या मराठी फायलींचे काय?

आपल्यापैकी पुष्कळांकडे १९९० च्या दशकातला मराठी मजकूर आहे: दिवाळी अंकाचे लेख, नाटकाच्या संहिता, बाबांची आत्मचरित्रे. तो पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीत, सी-डॅकच्या आयलीपमध्ये नाहीतर आकृतीत टाइप केलेला. हे फाँट युनिकोडच्या आधीचे. नुसती फाइल जपली आणि फाँट गेला, तर उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. इथे इमेजचे मोल कळते, कारण तिच्यात फाइल, फाँट आणि प्रोग्रॅम तिन्ही एकत्र येतात. माळ्यावर असा जुना संगणक असेल आणि तो अजून सुरू होत असेल, तर विकण्याआधी त्याची इमेज घ्या. ती आजच्या संगणकात 'व्हर्च्युअल मशीन' म्हणून चालवता येते. अडचण एकच: काही प्रोग्रॅमना प्रिंटरच्या जागी लावायचे छोटे कुलूप असे, ते इमेजमध्ये येत नाही. ते सापडले तर फेकू नका. मजकूर एकदा उघडला की युनिकोडमध्ये बदलून कागदावरही छापून ठेवा.

गाठोडे कुठे ठेवावे?

पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला एक नियम आहे: तीन, दोन, एक. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. आम्ही तिसरी प्रत दर दिवाळीला सांगलीला नेत असू. बाबांच्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात, सातबाराच्या उताऱ्यांशेजारी.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. घरात पाणी शिरले आणि ते कपाट बुडाले. आई-बाबा वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे सुखरूप होते. पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो. डिस्क चिखलाने भरली होती. पण डिस्कचे दुःख कुणाला? कपाटात त्याच कप्प्यात चार अल्बम होते. आई-बाबांच्या लग्नाचे, आमच्या मुंजीचे, आजीचे. पाने एकमेकांना चिकटून लगदा झाला होता. आई एक एक पान सोडवायला बघत होती आणि चेहरे पानाबरोबर निघून येत होते.

त्या अल्बमातला एक एक फोटो आम्ही २०१६ च्या सुट्टीत स्कॅन केला होता. ते इथे सिंगापूरच्या डिस्कवर, गाठोड्यात होते. परत आल्यावर इमेज उघडली, फोटो काढले, छापले आणि नवा अल्बम करून सांगलीला पाठवला. आजीचा घाटावरचा फोटो आता पुन्हा त्या घरात भिंतीवर आहे. इतकी वर्षे आम्ही समजत होतो, की सांगलीचे कपाट आमच्या संगणकाची राखण करते. झाले उलटे.

आता आम्ही तिसरी प्रत इथेच, दुसऱ्या वसाहतीतल्या मित्राच्या घरी ठेवतो आणि त्यांची आमच्याकडे. दोन्हींना पासवर्ड आहे आणि तो दोन्ही घरांत कागदावर आहे. सांगलीला एक प्रत अजूनही जाते, वरच्या मजल्यावर.

थोडक्यात वेळापत्रक: पाडवा, नागपंचमी, दिवाळी आणि संक्रांत या चार सणांच्या आसपास पूर्ण इमेज. दर पंधरा दिवसांनी डिफरन्शियल. वर्षातून एकदा पेन ड्राइव्हची तालीम. सण आठवतात, म्हणून गाठोडेही आठवते.

आजीचा आवाज काही परत आला नाही. मुलांना त्यातले "चहा टाका गं" तेवढे आठवते, आणि ती आपल्या मुलांना तिच्याच सुरात म्हणून दाखवतात. तुमच्याकडे असा काही आवाज असेल, फोनमध्ये, जुन्या कॅसेटवर, माळ्यावरच्या संगणकात, तर या रविवारी तो आधी बाहेर काढा आणि मग इमेज घ्या. अडले तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात आम्हाला गाठा. पेन ड्राइव्ह खिशात असेलच. आपले अनुभव संपादकांकडे जरूर लिहून पाठवा, विशेषतः फसलेले.